बायकोच्या मापाचा सर्फबोर्ड

खरं तर मास्तरांनी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसतील तर ते मास्तर कसले!

मास्तर म्हणजे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. बायको दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिला एकाएकी सर्फिंगचं वेड लागलं. सहा महिने झाले, रोज सकाळी समुद्रावर जायची आणि पडून, खरचटून, नाकातोंडात पाणी घेऊन हसत घरी यायची. लाटेवर उभी मात्र एकदाही राहिली नव्हती. आणि रविवारी नवशिक्यांची स्पर्धा होती.

"भाड्याचे बोर्ड सगळे उंच पोरांच्या मापाचे," गुडघ्याला मलम चोळता चोळता ती म्हणाली. "एकदा तरी उभं राहायचंय हो. नंबर नको, काही नको."

मास्तरांनी कान टवकारले. मापाचंच दुखणं असेल तर घरात शिंपी काय नुसता शोभेला आहे?

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन ते तिच्यामागे लागले. छाती, कंबर, उंची, बाही. (सर्फबोर्डाला बाही नसते हे नंतर लक्षात आलं. हाताची सवय, दुसरं काय!)

"हे काय चाललंय?"

"कोट शिवतोय तुला."

बायको बघतच राहिली. बावीस वर्षांत या माणसाने तिला साधा रुमाल वेळेवर शिवून दिला नव्हता. "बटणं मोठी लावा हं," ती लाजून म्हणाली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आता माघार कुठली!

होड्या दुरुस्त करणाऱ्या दोस्ताकडून त्यांनी फोमचा ठोकळा, त्यावर चढवायला काचेच्या धाग्याचं कापड आणि ते चिकटवायला रेझिनचा डबा आणला. दोस्ताने बजावलं, "रेझिनमध्ये हार्डनर थेंब मोजून घाल. जास्त झालं तर बघता बघता दगड होईल." मास्तर "हो हो" म्हणाले. पस्तीस वर्षं कात्री चालवणाऱ्याला कोण शिकवणार?

कागदाला मधोमध घडी घालून त्यांनी झकास पॅटर्न कापलं, फोमवर खडूने आखलं आणि करवत उचलली. तिथेच घात झाला. मास्तरांनी आयुष्यात माया ठेवल्याशिवाय एक कपडा कापला नव्हता. माया म्हणजे पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीत राखलेलं जादा कापड. ती त्यांनी इथेही ठेवली. दोन्ही बाजूंना तीन तीन इंच. जाडीत दोन. आणि पहिल्या पाण्यात आटेल म्हणून लांबीत आणखी एक वीत. सर्फबोर्ड उसवता येत नाही, हे त्यांना सांगायला तिथे होतं कोण?

शनिवारी बायको कामावर गेल्यावर त्यांनी काचेचं कापड अंथरलं. कापड म्हटल्यावर मास्तर रंगात आले. कडा दुमडल्या, टोकाला गोलाईसाठी दोन टक्स घातले. मग रेझिनमध्ये हार्डनर ओतलं, दोन झाकणं भरून. रेझिन पसरलं. मधोमध एक सुरकुती दिसली. सुरकुती आणि मास्तर एका खोलीत राहूच शकत नाहीत. कापायच्या टेबलावर नेहमी वाकतात तसे ते पोटावर रेलले आणि दोन्ही तळव्यांनी ती सारखी करू लागले. सुरकुती गेली. मास्तर उठायला गेले, तर तळवे सुटले, पण शर्ट उठेना.

पाऊण तास ते तसेच पालथे होते. तेवढ्यात दार उघडलं. दवाखाना लवकर सुटला होता.

"अहो! हे काय? आणि माझा कोट?"

"कोटाचं नंतर बोलू. आधी मला सोडव."

तिने भिंतीवरची मोठी कात्री काढली.

"ती नको! ती फक्त कापडाला लावतो मी!"

"मग तुमचा शर्ट काय पत्र्याचा आहे?"

कचकच कापून तिने नवऱ्याला मोकळं केलं. शर्टाची पुढची बाजू, खिशासकट, बोर्डावर कायमची राहिली. मग तिने त्या अवाढव्य धुडाकडे नीट पाहिलं.

"माझ्यासाठी?"

"तुझ्याच मापाचा आहे," मास्तर उघड्या पोटाने पुटपुटले. "जरा वाढत्या अंगाचा झालाय."

"पन्नाशीला आले मी! आता आणखी कुठे वाढू?" असं म्हणाली खरी, पण तिचे डोळे भरून आले होते. "उद्या मी यावरच उतरणार."

रात्रभर मास्तर कूस बदलत राहिले. बुडाला तर? तोंडघशी पडली तर?

रविवारी बोर्ड पाण्यापर्यंत न्यायला चौघं लागले. लोक हसले. मास्तरांना वाळूत तोंड खुपसावंसं वाटलं. पण लाट आली, बायको गुडघ्यांवर आली, मग एक पाय, मग दुसरा, आणि उभी राहिली! बाकीचे टपाटपा पडत होते. ही मात्र दोन्ही हात पसरून सरळ पुढे, कारण तो बोर्ड वळायचं नावच घेईना. किनारा आला, परीक्षक खुर्च्या सोडून पळाले आणि ती त्यांच्या टेबलापाशी वाळूवर येऊन थांबली.

वळणांना गुण होते, त्यामुळे तिचा नंबर शेवटचा आला. तिला त्याचं काय! "अहो, मी उभी राहिले! शेवटपर्यंत!" ओल्या अंगानेच तिने मास्तरांना मिठी मारली. मास्तर सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.

तेवढ्यात तिला सर्फिंग शिकवणारा कोच आला. त्याने बोर्डावर थापा मारल्या, वाकून जाडी पाहिली. "मास्तर, काम फार दणकट आहे. असेच आणखी सहा करून द्याल?"

मास्तरांची छाती दोन इंच फुगली. त्यांनी टेप काढला, कानावरची पेन्सिल काढली. "देतो की! सहाही जणांना मापं द्यायला पाठवा."

"मापं कशाला?" कोच म्हणाला. "एकावर चौघं टेकतील, एवढं बघा. किनाऱ्यावर बसायला बाकं नाहीत हो आमच्याकडे."