पाठीवरचा डबा

स्कूबा डायव्हिंगच्या फॉर्मवर ‘पोहता येतं का?’ असा रकाना होता. अपेक्षानं बाबांसाठी ‘हो’ आणि आईसाठी ‘नाही’ असं कुणाला न विचारता लिहून टाकलं, आणि खुशालरावांच्या हातातला चहा पायजम्यावर सांडला.

खुशालराव वऱ्हाडातल्या भातकुलीचे निवृत्त मास्तर. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी इंदूबाईंना थाप मारली होती, की शेतातल्या विहिरीत आपण बुडी मारून तळाची माती वर आणतो. थाप फारच चांगली बसली. पुढे तीस वर्षं ती मागे घ्यायची सोयच उरली नाही. आता लेकीनं हौसेनं दोघांना अंदमानला आणलं होतं, आणि समुद्राच्या तळाशी ती थाप उघडी पडणार होती.

पण किनाऱ्यावर शिकवणी सुरू झाली आणि त्यांची नजर पाठीवर बांधायच्या हवेच्या लोखंडी सिलिंडरवर गेली. त्यांचा जीव एकदम भांड्यात पडला. वऱ्हाडात पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. डबा तरंगतो, पोरगंही तरंगतं. इथला डबा तर चांगला कमरेएवढा!

“भेऊ नको,” ते इंदूबाईंना म्हणाले. “डबा बांधला का माणूस बुडतच नाई. तू फक्त माह्याकडे पाह्य.”

कमरेभर पाण्यात त्यांनी नळी तोंडात धरून श्वास घेतला, सोडला, आणि मास्तरकीच्या सवयीनं शेजारच्या दोघांच्या चुकाही काढल्या. मग सगळे बोटीत बसून आत गेले. तिथं शिकवणाऱ्यानं त्यांच्या कमरेला जड पट्टा बांधला.

“हे कायले?”

“नीचे जाने के लिए, अंकल.”

“अन् डबा? वर यायसाठी ना?”

“डब्बा?” तो हसला. “अंकल, वो भी आपके साथ नीचे ही जाएगा. चलिए, आप तो स्विमर हैं. पहले आप कूदिए, तैरकर उस रस्सी तक जाइए.”

रस्सी बोटीपासून वीस-पंचवीस हातांवर होती. मध्ये सगळं निळं पाणी. खुशालरावांनी दोन्ही हातांनी बोटीचा काठ धरला.

“बाबा, मारा ना उडी!” अपेक्षा मोबाईल धरून ओरडली. “व्हिडिओ काढून राहिली मी!”

“बंद कर तो!” खुशालराव ओरडले. “मले पोहता येत नाई!”

“मंग ते विहिरीचं?” अपेक्षानं विचारलं.

“काठावर बसत होतो मी. पाय सोडून. बादलीनं आंग धुवून घरी येत होतो.”

सगळ्यांनी इंदूबाईंकडे पाहिलं. त्या हात जोडून मटकन खाली बसल्या होत्या.

“देवा, सुटली मी!” त्या म्हणाल्या. “अवो, दर रविवारी तुमी विहिरीवर जात होते, अन् तुमी घरी दिसेपर्यंत माह्या घशाखाली चहाचा घोट उतरे नाई. अन् तुमी काठावर बसून राहत होते? आंदी काहून नाई सांगतलं?”

खुशालरावांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त हलकं वाटलं. शिकवणारा म्हणाला, पोहता येत नसेल तर काळजीच नको, अशांना तो स्वतः हात धरून शिडीवरून उतरवतो. मग नवरा-बायको त्याच्या दोन हातांना धरून खाली गेले, पिवळ्या माशांचा थवा दोघांनी डोळे भरून पाहिला आणि सुखरूप वर आले.

संध्याकाळी भातकुलीहून इंदूबाईंच्या बहिणीचा, जयवंताबाईंचा, फोन आला. आता अख्ख्या भातकुलीत आपली शोभा होणार, अशा तयारीनं खुशालराव मान खाली घालून बसले.

“काय सांगू जयवंता,” इंदूबाई सांगत होत्या, “म्या त भेवानं डोयेच मिटले होते. ह्यायनंच मले हाताले धरून तळापर्यंत नेलं. अन् तो शिकवणारा? तो आपला ह्यायच्या मांगं मांगं!”

फोन ठेवल्यावर खुशालराव त्यांच्याकडे बघतच राहिले.

“असे काय पाहता?” इंदूबाई म्हणाल्या. “तीस वर्षं साऱ्या भातकुलीले म्याच त सांगतलं. आता तुमी खोटे पडले, त मी कोणतं तोंड दाखवू?”