माणिककाकांची लाइन

रेणापूरच्या माणिककाकांकडे स्पीकर दुरुस्तीला नेला, की ते आधी त्याला कान लावतात, बोटाने कागदी पडद्यावर टकटक करतात आणि विचारतात, "हाय का कुणी आत?"

उत्तर आलं की पेचकस घेतात. नाही आलं तर खोकं परत आपल्या हातात. "आत कुणी न्हाई सर. घिऊन जावा." मी लातूरला शाळेत विज्ञान शिकवतो, हौसेने गिटार वाजवतो आणि भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी काका असे कान लावून थांबले, की मी उगाच श्वास रोखून धरतो.

काका माणसंसुद्धा ओहममध्ये मोजतात. स्पीकर विजेला किती अडवतो, त्याचं माप म्हणजे ओहम. फार कमी ओहमचा जोडला, तर अ‍ॅम्प वीज देऊन देऊन जळून जातो. आमचे हेडमास्तर एकदा त्यांच्याकडे माइक घेऊन गेले होते. ते गेल्यावर काका म्हणाले, "दोन ओहमचा मानूस. ज्याला जोडाल त्यो जळतोय." पुढच्याच वर्षी आमच्या उपमुख्याध्यापकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मी तेव्हापासून हेडमास्तरांपासून दोन हात लांब बसतो.

तर गेल्या महिन्यात, स्नेहसंमेलन दोन दिवसांवर असताना, माझ्या गिटारच्या खोक्यातला एक स्पीकर गेला. माझा अ‍ॅम्प जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा. त्याला आठ ओहमच लागतात. खोक्यात सोळाचे दोन स्पीकर शेजारी-शेजारी जोडलेले, म्हणजे विजेला वाटा दोन, अडवणूक निम्मी, दोघांचे मिळून आठ. एक गेला की उरला एकटा सोळा, आणि हिशेब बिघडला. नांदेड-लातूर पालथं घातलं, सोळाचा स्पीकर काही मिळाला नाही. आणि काकांच्या दुकानात, कामाच्या टेबलाच्या वर, भिंतीला एक सोळाचा चक्क नुसता टांगलेला!

"काका, तो द्या की."

"त्यो न्हाई."

"नुसता तर टांगलाय."

"नुसता न्हाई सर. लाइनवर हाय त्यो."

मला रागच आला. ती लाइन सगळ्या गल्लीला माहीत होती. काकूंना ऐकू येत नसे. लोक थट्टा करत, की अख्ख्या तालुक्याचे स्पीकर बोलते करतो आणि घरात बोलायची सोय नाही. काकांनी सोय केली होती. एक स्पीकर दुकानात, तसाच दुसरा मागच्या घरात गॅसच्या शेगडीशेजारी आणि मधे भिंतीतून ओढलेली तार. वीज नको, अ‍ॅम्प नको. एकाचा पडदा दाबला, की दुसऱ्याचा आपोआप हलतो. काकूंनी दोनदा दाबलं की चहा झाला. काकांनी एकदा दाबलं की आलो. काकू पडद्यावर तळहात ठेवून ते उत्तर घेत. पण काकू मागच्या उन्हाळ्यात गेल्या. दहाव्याला मी स्वतः होतो. आता कसली लाइन?

काकांनी माझ्या खोक्यातला मेलेला स्पीकर काढला आणि त्या जागी बोटाएवढा जाड रेझिस्टर जोडला. "सोळाचा हाय. निस्ता तापतो, बोलत न्हाई. आवाज आर्धा यील, पर अ‍ॅम्प जळनार न्हाई." मग हळूच म्हणाले, "एक गेलाय हे त्याला कळूच द्यायचं न्हाई."

"बसा, आलोच," म्हणत ते समोरच्या दाराने बाहेर पडले. मला वाटलं, चौकात गेले.

दुपारचे चार वाजले होते. लाइट गेली, पंखा थांबला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चारी बाजूंनी उघडी खोकी माझ्याकडे बघत होती.

टक.

मी वर पाहिलं. भिंतीवरच्या स्पीकरच्या पडद्यावरून धुळीची रेघ खाली सरकली.

टक.

दोनदा. म्हणजे चहा झाला. माझं सगळं विज्ञान त्या क्षणी कुठे पळालं कोण जाणे. पळायला मीही दाराशी पोचलो होतो. पण उत्तर दिलं नाही तर ती बाई तिकडे ताटकळत राहील, असं वाटलं आणि पाय निघेना. परत आलो, हात वर केला आणि पडदा एकदा दाबला.

भिंतीपलीकडे भांडं पडल्याचा मोठा आवाज झाला.

मागच्या दाराचा पडदा बाजूला करून काका आले. हातात सांडशी, धोतरावर चहाचे शिंतोडे.

"तुमी दाबलं?"

"हो. मला वाटलं..."

काका स्टुलावर बसले. "रोज दाबतो म्या. बोळातून घरात जातो, च्या करतो, तिच्यावानी दोनदा दाबतो, हात तसाच ठिवतो. मंग हिकडं यिऊन म्याच पितो. उत्तर कुठून येनार?" त्यांनी आपला उजवा तळहात उलटा करून पाहिला. "तीस वर्सं म्या ह्याच बाजूला हुतो सर. कैक येळा कामाच्या नादात दाबायचंच ऱ्हायचं. ती तिकडं हात लावून वाट बघून राहिली आसंल. हाताला कसं लागतं, ते मला आज कळलं."



काका उठले. "च्या सांडला. दुसरा ठिवतो." दाराच्या पडद्यापाशी थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "झाला की दाबतो."

मी भिंतीपाशी गेलो आणि स्पीकरवर तळहात ठेवून उभा राहिलो.