हवालदारांच्या घरची इटालियन

कोंडिबा हवालदारांच्या शेळ्यांना मराठी कळत नसे. तुम्ही हाळी द्या, काठी आपटा, घसा बसेपर्यंत ओरडा, त्या ढिम्म हलायच्या नाहीत. पण हवालदार बांधावर उभे राहून "व्हिएनी क्वा" म्हणाले, की सगळा कळप उड्या मारत खाली. 'इकडे ये' असा त्याचा अर्थ. ही इटालियन भाषा आहे असं हवालदारांचं म्हणणं होतं, आणि ते खरं की खोटं हे सांगू शकेल असं माणूस राजगडाच्या पायथ्याला त्या काळी एकही नव्हतं. हवालदार घरी नसले की त्यांच्या पारूबाई डोक्यावरचा पदर सारखा करून, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, "क्वा, क्वा" करत शेळ्या घरी आणायच्या. "बाईच्या जल्माला आल्यावर काय काय करावं लागतं, मास्तर," असं मला एकदा म्हणाल्या.

मी मूळचा भोरचा. संस्थान होतं तोवर माझी शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होती. दुपारी घरी जाऊन गरम भात खाऊन यायचो. संस्थान विलीन झालं आणि पुढं बदल्यांचा जो घोळ सुरू झाला त्यात मला उचलून गुंजवण्याच्या वरच्या एका वाडीत टाकलं. देवळाच्या पडवीत शाळा, चार इयत्ता आणि एक मास्तर. शनिवारी बायकामुलांकडे जायचं आणि परत येताना एसटी सोडील तिथून पुढं पायी. पाय, कंबर किंवा डोकं, यातलं काही ना काही कायम दुखत असायचं. अशा माणसाच्या नशिबी शेजारी कोण यावा, तर कोंडिबा हवालदार.

मी वाडीत आलो त्या दिवशी ट्रंक खाली ठेवायच्या आत ते दारात हजर. लढाईत इटलीला जाऊन आलेला माणूस. मिशा भरघोस, डावा पाय जरा ओढत चालायचा, आणि बोलायला लागले की उन्हाळ्यातसुद्धा खाकी कोट अंगात. मला म्हणाले, शाळेत इटालियनचा एक तास ठेवा. मी म्हटलं, हवालदार, हितं पोरांना धड मराठी वाचता येत नाही, इंग्रजी तर अजून डोंगरापलीकडं आहे. त्यांनी माझी कीव केली. इंग्रजीचं आता काही खरं नाही म्हणाले. साहेब गेला, त्याची भाषा कशाला पुसतोय कोण? आता पुढं सगळं इटालियनमध्येच व्हणार. कसं होणार, कोण करणार, हे मी विचारलं नाही. मला पाठ टेकायची होती.

त्यांची एकच मुलगी, सुली. लढाईवरून आल्यावर बऱ्याच वर्षांनी झालेली. ती जन्मली त्या दिवशी हवालदारांनी घरात हुकूम काढला, की पारूनं पोरीशी मराठी बोलायचं आणि आपण इटालियनशिवाय अक्षर बोलायचं नाही. तो त्यांनी पाळलादेखील. मांडीवर घेतलं तरी इटालियन, नाक पुसलं तरी इटालियन. लोक हसायचे. हवालदार म्हणायचे, "भाषा शेळीवानी असती. रोज चारा न्हाई घातला तर आटती." हे वाक्य मी आठवड्यातून चारदा तरी ऐकलं असेल.

पोरगी तीन वर्षांची असताना पारूबाईंची आई आंबवड्याहून आली. नातीनं तिच्याकडे बघून "नोन्ना, आक्वा" म्हटलं. आजी, पाणी, एवढंच. पण म्हातारीनं भांडं टाकलं आणि पोरीला बाहेरचं झालं म्हणून जी उठली ती देवऋषी घेऊनच परतली. देवऋष्यानं लिंबू ओवाळलं, अंगारा लावला. पोरगी शिकवल्याप्रमाणे हसून "ग्रात्सिए" म्हणाली. देवऋष्यानं याचा अर्थ विचारला. हवालदार म्हणाले, ती तुमचे आभार मानतीय. त्यानं लिंबू परत झोळीत टाकलं आणि म्हणाला, एवढं मर्यादेनं वागणारं भूत म्या काढत न्हाई. नारळसुद्धा न घेता उठला.

संध्याकाळी मी चूल पेटवून बसलो की हवालदार यायचे. आमी इटलीत व्हतो तवा, अशी सुरुवात झाली की भात करपेपर्यंत उठायचे नाहीत. एकदा त्यांना गप्प करावं म्हणून मीच परीक्षा घ्यायला बसलो. राजाला काय म्हणतात? ठाऊक नव्हतं. मामलेदाराला? तिकडं मामलेदार नव्हता म्हणाले. बरं, तुम्ही शिपाईगडी, तोफेला तरी काय म्हणतात? "तोफ म्हंजे तोफच की, मास्तर." मात्र चमचा, घोंगडी, बटाटा, नाक, कान, झोप, हे शब्द तोंडातून लाह्यांसारखे फुटत होते. मला तेव्हाच संशय आला. लढाईवर गेलेल्या माणसाला तोफ येत नाही आणि नाक शिंकरायला येतं, ही कुठली भाषा? पण म्हटलं जाऊ दे, आपल्याला काय करायचंय. नसती उठाठेव करायचं माझं वय राहिलं नव्हतं.

सुली पाचची झाली आणि शाळेत आली. हुशार होती. पण पहिल्याच आठवड्यात वरच्या आळीच्या पोरांनी तिला गाठलं. तुझा बाप शेळ्यांची भाषा बोलतो, तू पण शेळी, म्हणून तिच्या मागं बें बें करत फिरायला लागली. मी छडी घेऊन उठलो की गप्प, बसलो की पुन्हा सुरू. मोठी माणसंही कमी नव्हती. पारावर बसून म्हणायची, कोंड्यानं सगळी थाप मारलीय, पलटणीत भांडी घासत असंल आणि हितं येऊन इटली सांगतोय. पोरीच्या कानावर ते गेलंच. तिनं घरी जाऊन बापाला सरळ विचारलं, "तुमची भाषा खोटी हाय व्हय?" मराठीत विचारलं. जन्मात पहिल्यांदा बापाशी मराठीत बोलली. आणि त्या दिवसापासून तिनं इटालियन टाकली. हवालदार बोलायचे, ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि आईजवळ जाऊन बसायची.

हवालदार खचले. माझ्याकडे यायचे, पण इटली सांगायचे नाहीत. नुसते उंबऱ्यावर बसून राहायचे. मला वाटलं होतं की आता जरा शांतता मिळेल, पण ती शांतता काही खरी नव्हती. एक दिवस म्हणाले, "मास्तर, तुमी शिकलेले. तुमी पोरीला सांगा, भाषा खरी हाय म्हून. तुमचं ऐकंल ती." मी म्हटलं, मला कुठं ठाऊक आहे खरी की खोटी? ते उठून गेले. मला वाईट वाटलं, पण पोरांना शिकवताना खोटं बोलायचं नाही एवढा एकच नियम त्या नोकरीत माझ्याकडून पाळला जात होता.

आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आधी पुण्याहून एक गोरे पाद्री गडावर झाडपाला गोळा करायला आले. वय झालेलं, दाढी छातीपर्यंत, मराठी अगदी पुस्तकातलं. उतरताना शाळेच्या पडवीत टेकले. मी चहा ठेवला आणि काहीतरी बोलावं म्हणून त्यांचं शिक्षण विचारलं. ते म्हणाले, तरुणपणी आपण अनेक वर्षे रोममध्ये होतो. माझी जीभ कुठली गप्प बसायला! मी हवालदारांचं नाव काढलं. चहाला उकळी यायच्या आत ती बातमी वाडीभर झाली आणि सगळे खेळ बघायला यावं तसे देवळासमोर जमले.

हवालदार कोट घालून, बिल्ले लावून आले. मागून पारूबाई, आणि त्यांच्या पदराला धरून सुली. हवालदारांनी एकदा तिच्याकडे बघितलं. आज काय ते ठरणार होतं, हे तिलाही कळत होतं.

पाद्री आनंदानं उठले आणि इटालियनमध्ये बोलायला लागले. भराभर, हातवारे करत. हवालदार ताठ उभे. "सी, सी," म्हणजे हो, हो, म्हणाले. पाद्र्यांनी काही विचारलं. हवालदार पुन्हा "सी" म्हणाले, पण ते उत्तर नव्हतं हे पाद्र्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं. हवालदारांच्या कपाळावर घाम आला. ओठ हलले, शब्द येईना. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं. एकजण म्हणाला, "इटली आटली वाटतं." मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हवालदार छातीवरचे बिल्ले हातानं झाकून उभे होते. इतका मोठा माणूस मी तसा कधी पाहिला नव्हता.

तेव्हा सुलीनं आईचा पदर सोडला. सगळ्यांच्या मधून चालत बापाजवळ गेली, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि लेकराला थोपटावं तसं त्यावर थोपटायला लागली. आणि अगदी हळू, समजूत घालावी तसं म्हणाली, "नोन आव्हेरे पाउरा. ए लोंतानो. आदेस्सो पास्सा."

पाद्र्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मी विचारलं, काय म्हणाली ती? ते म्हणाले, "भिऊ नकोस. ते फार लांब आहे. आता जाईल." मग जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाले, की ही भाषा शंभर टक्के खरी आहे. पण ती बाहेर बोलायची नाही, घरातली आहे. तिकडच्या आया लेकरांना कुशीत घेऊन अशी बोलतात.

लोक हळूहळू पांगले. हसणारा सगळ्यात आधी गेला.

पाद्र्यांना ओढ्यापर्यंत पोचवून आम्ही परत येत होतो. सुली शेळ्यांच्या मागं पळत पुढं गेली होती. मी न विचारताच हवालदार बोलायला लागले. पायात लोखंड घुसलं तेव्हा पलटण पुढं गेली आणि त्यांना डोंगरातल्या एका घराच्या तळघरात ठेवलं. तिथं एक बाई होती आणि तिची चार वर्षांची पोरगी. बाहेर बर्फ, आणि दिवसरात्र तोफा. ती पोर यांना एकेक वस्तू दाखवून नाव सांगायची. चमचा, बटाटा, नाक. आणि गोळे पडायला लागले की बाई पोरीला कुशीत घेऊन, सुली म्हणाली तेच म्हणत राहायची. पोरगी झोपली तरी म्हणायची थांबायची नाही. मग हवालदारांच्या लक्षात आलं, की आता ती आपल्याकडे बघून म्हणतेय.

मी विचारलं, हवालदार, सुलीला कुशीत घेऊन हेच मराठीत म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पोरीचे हाल झाले नसते.

ते थांबले. पाय दुखत असावा. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

"आई म्या रांगत व्हतो तवाच गेली, मास्तर. बापानं हाक मारली ती शेळ्यांमागं धाडायलाच. भिऊ नगं म्हून मला मराठीत कवाच कुनी म्हनलं न्हाई. मग पोरीला म्या मराठीत कसं म्हनू? मला यायला तर पायजे."