उडत्या देवमाशाचा गुरुवार

आमचे शेजारी जनूकाका जिना चढतात तेव्हा आवाज येत नाही. वजन दीडशे किलोच्या पुढे आणि चाल मांजराची. मी दाराबाहेर कचऱ्याचा डबा ठेवून वळावं, तर मागे अख्खा जिना अडवून काका उभे! एवढा अवजड माणूस एवढा हळू चालतो म्हणजे काहीतरी लपवत असणार, हे माझं पहिल्यापासूनचं मत.

काका मूळचे समुद्रकाठच्या नवापूरचे कोळी. तरुणपणी तिकीट लावून होणाऱ्या, दोरीच्या रिंगणातल्या कुस्त्या खेळायचे. नाव 'उडता देवमासा'. सगळ्यात वरच्या दोरीवर चढायचे, हवेत कोलांटी घ्यायचे आणि खालच्या गड्यावर जाऊन पडायचे. पब्लिक वेडं व्हायचं म्हणे. मी साताऱ्याची, मातीतली कुस्ती बघून वाढलेली. एकदा तोंडावरच विचारलं, "काका, ते सगळं खोटं असतं ना?"

"खोटा नाय, ताई. ठरलेला. कोन जिंकनार, कोन पडनार, सगला आदीच ठरलेला."

त्यामुळे त्यांना सगळं जगच ठरलेलं दिसतं. शेवटच्या चेंडूवर मॅच गेली? "ठरलेला हाय!" सोसायटीची निवडणूक? "ठरलेला हाय!" डॉक्टरांनी बीपी वाढलंय सांगितलं, तर म्हणे, "मशीनचा नि औषदवाल्याचा आदीच ठरलेला हाय." माझ्या मुलीचं लग्न जमलं तेव्हाही पेढा तोंडात टाकत तेच. तेवढं मात्र खरंच आधी ठरलेलं होतं, पोरीनेच परस्पर.

दर गुरुवारी मात्र काका इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून, पिशवीत पापलेट घेऊन निघायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. कुठे निघालात विचारलं, तर "हाय जरा काम." अत्तर लावून कसलं मेलं काम? मला काही राहवेना. एका गुरुवारी गेले मागोमाग. काका लोकलमधून सफाळ्याला उतरले, मीही उतरले. ते भातशेतांपलीकडच्या एका घरात शिरले. दारातून डोकावते तोच एका बाईनं माझा हात धरला. "काकांबरोबर ना तुमी? या की आत."

म्हटलं, सापडली! पण आत खाटेवर एक वाळलेला माणूस निजलेला. तिचा नवरा, बबन. रिंगणातला 'काळा विंचू', देवमाशाचा कायमचा वैरी. दर वेळी हरायचं काम त्याचं. आता लकव्यानं उजवी बाजू गेलेली.

"डाक्टर म्हनतात व्यायाम करा," ती माझ्या कानात म्हणाली. "हे हातच हलवायला बघत नाय. काका आले तरच."

काका खाटेशी गुडघ्यावर बसले. बबनचा तो निर्जीव हात उचलून आपल्या छातीवर ठेवला. "चल विंचू, ढकल!"

बबनच्या कपाळाची शीर फुगली. आणि आमचे काका, जिन्यात कधी आवाज न करणारे, मागच्या मागे कोलांटी घेऊन असे धाडकन पडले की फळीवरची भांडी वाजली. मला हसू फुटलं. बबनही वाकड्या तोंडानं हसला. मग त्याला मी दिसले आणि त्याचा चेहराच उतरला. परक्या माणसासमोर त्याला लाज वाटली असावी.

"खोटा," तो जड जिभेनं म्हणाला. "आदीच... ठरलेला. बस झाला आता."

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. काका घाबरले. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"ठरलेला नाय रे! देवाशपत, जोर लागला मला. या ताईंना इचार. या कोनाची भीड ठेवत नाय."

बबननं मान वळवली. तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी मेली संशयी, माझी नजर सगळा वेळ त्या हातावरच होती. हात तसूभरही हलला नव्हता.

"अहो, मी साताऱ्याची," मी म्हटलं. "कुस्तीतलं मला कळतं. बोटं हलली. मी बघितली."

काकांनी तोंड फिरवून पापलेटची पिशवी उगाच सारखी केली. आणि ते पुन्हा खाटेशी सरकले.

बबननं माझ्याकडे नीट बघितलं. मग त्यानं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि स्वतःच काकांच्या छातीवर ठेवला.

"परत," तो म्हणाला.