बारा हातांची मगर

"औंदा केशोरीची मंडई ओस पडते का नाही, पाहा!" केवळरामने चावडीवर जाहीर केले.

दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की शेजारच्या केशोरीत दंडारीचे नाच-खेळ, पाळणे, माणसांचा पूर. त्याच्या गावात काय? तर नुसता तलाव! पण यंदा त्या तलावात ढिवरांच्या जाळ्यात मगर सापडली. केवळरामने ती मागून घेतली. तलावाच्या तुडुमाखाली, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाखाली, खड्डा खणून त्यात सोडली आणि भोवती बांबूचे कुंपण घातले.

मगर होती चार हातांची. केवळरामच्या तोंडी ती रोज वाढत गेली. मंडईपर्यंत बारा हातांची झाली आणि तिच्या पोटात एक अख्खा हेला, चांगला थोरला रेडा, गेला.

"हेला? कोनाचा जी?" त्याच्या बायकोने, रुख्माने विचारले.

"पलीकडच्या गावचा."

खोट्यातला हेला नेहमी पलीकडच्याच गावचा असतो.

मंडईच्या दिवशी मगर पाहायला हीऽ गर्दी लोटली! आणि नेमकी त्याच दिवशी केवळरामच्या शेताची पाण्याची पाळी आली. उशिरा पिकणाऱ्या जड धानाचे शेवटचे पाणी. पाळी चुकली की गेली, हा गावचा जुना कायदा. मगर तिच्या जागी, पाणी त्याच्या वाटेने, दोघांचे एकमेकांशी काय काम, असा विचार करून त्याने सगळ्यांदेखत ऐटीत तुडूम उघडले.

पाणी आधी खड्ड्यात शिरले. खड्डा भरला, कुंपण आडवे झाले, आणि पाहुणे किंचाळत बांधावर चढेपर्यंत मगर पाटाने थेट केवळरामच्या धानात!

पुढे धान पिकले, लोंब्या झडू लागल्या. कापायला एक माणूस येईना.

"चला ना गा, जागेश्वर," शेजाऱ्याच्या अंगणात उभा राहून तो काकुळतीला आला. "चार हाताचीच होती ते. कुत्रंबी गिळलं नाही तिनं!"

"आता चार हाताची झाली काय?" जागेश्वर म्हणाला. "अन् हेला कोठी गेला? मी काय हेल्याहून मोठा आहो?"

खोटे परत घ्यायला माणूस तयार असतो. पण लोकांनी ते परत द्यायला तर हवे!

अखेर रुख्माने पदर खोचला, विळा उचलला. "गप्पा तुमी पेरल्या. आता धान कापा माह्यासंगं."

दोघे धानात उतरले. बातमी पसरली आणि बांधाच्या उतारावर जत्रा जमली. केशोरीच्या बैलगाड्या आल्या, चणेवाला आला. पेंडी पडली की आरोळी उठे, "वाचला रे, वाचला!"

"लोकं पाहायले पाह्यजेत होते ना तुमाले?" रुख्मा मान वर न करता म्हणाली. "आले पाहा."

कंबर सरळ करताना केवळरामला दिसले. सगळ्यांच्या पाठीमागे, बांधाच्या माथ्यावर, पार टोकाला मगर निवांत ऊन खात पडली होती.

"मागं पाहा! मागं पाहा गा! ते पाहा मगर!"

उतारावर हशा पिकला.

"आता नाही फसत आमी!" जागेश्वर ओरडला.

एकानेही मान वळवली नाही. केवळरामने मगरीकडे नीट पाहिले. बिचारी खरोखरच लहान होती! मग तो पुन्हा धानात वाकला.