चौथऱ्याखालचं झाकण

“दादा, तुम्ही निर्धास्त जा! परत याल तेव्हा घराचा एक खिळा जरी सैल दिसला, तर नाव बदलीन!”

टॅक्सीच्या खिडकीत डोकं घालून धाकट्या भावाने हे ठणकावून सांगितलं होतं. दादांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की नवं नाव काय ठेवायचं याचा विचार त्यांनी तिथेच सुरू केला असावा. धाकटा आता पन्नाशीला टेकला होता, पण दादांच्या लेखी तो अजून बाळ्याच. बाळ्याच्या हातात हातोडी म्हणजे घरादाराला धोका, हे त्यांचं ठाम मत.

दादांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. घराची देखभाल त्यांनी कधी कुणाला करू दिली नाही. पावसाळ्याआधी कौलं, पावसाळ्यानंतर भिंतींची ओल, उन्हाळ्यात खिडक्यांना रंग, सगळं स्वतः! पण हृदयाचं ऑपरेशन झालं आणि शिडीवर चढणं बंद झालं. विश्रांतीसाठी वहिनींबरोबर लेकीकडे जाताना त्यांनी भाड्याच्या घरात राहणाऱ्या धाकट्याला इथे बोलावून घेतलं आणि अट घातली, “पावसाळा आणि थंडी सांभाळून दाखव. जमलं तर घर ठेवू. नाही जमलं तर आल्याबरोबर विकून टाकू. मला आता हे झेपत नाही.”

ज्या घरात रांगलो ते घर विकायचं, ही कल्पनाच धाकट्याला सहन होईना. त्याने कंबर कसली. कौलं शाकारली, पन्हळी साफ केल्या, दारांना तेलपाणी केलं. खरंच, चांगलं काम केलं बिचाऱ्याने! तिथे थांबला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

पण हुरूप आला ना! दादांना डॉक्टरांनी रोज कोवळ्या उन्हात बसायला सांगितलेलं, आणि घरापुढचं अंगण तर कायम ओलसर. म्हणून धाकट्याने अंगणात ऐसपैस लाकडी चौथरा बांधला. त्यावर भिंतीला टेकून एक बाक. फळ्या इतक्या घट्ट ठोकल्या, वर इतका गोंद ओतला, की वळवाचा पाऊस येवो नाहीतर हत्ती, चौथरा हलणार नाही!

“अहो, ते जमिनीतलं लोखंडी झाकण चौथऱ्याखाली जातंय,” बायको म्हणाली होती. “एखादी फळी उघडती ठेवा.”

“छे! इतक्या सुंदर चौथऱ्याला भोक पाडू? ते गंजकं झाकण दिसेनासं झालं तेच बरं!”

दादा यायचे त्या दिवशी सकाळी सगळं तयार होतं. अंगणाला लागून असलेल्या खोलीत दादांसाठी नवी गादी, धुतलेली चादर, पलंगाखाली त्यांच्या चपला. बाकाची पाठ भिंतीला पक्की करायची तेवढी राहिली होती. धाकट्याने ड्रिल भिंतीला लावलं. घर्रर्र! आणि भिंतीतून पाण्याची चिळकांडी आली ती थेट त्याच्या तोंडावर!

“पाइप फोडलात!” बायको किंचाळली.

“फोडला नाही, लागला फक्त!” धाकटा तोंड पुसत म्हणाला. तोपर्यंत चिळकांडीचा फवारा झाला होता.

त्याने धावत जाऊन घरामागच्या टाकीची चावी बंद केली. फवारा ढिम्म! पाइप थेट रस्त्यावरच्या लाइनचा होता. बायकोने टॉवेलचा बोळा करून भोकावर दाबून धरला, तर पाणी तिच्या कोपरांवरून वाहत चौथऱ्यावर, आणि चौथऱ्यावरून सरळ दादांच्या खोलीच्या उंबऱ्याकडे!

धाकट्याने प्लंबरला फोन लावला.

“मेन व्हॉल्व्ह बंद करा,” प्लंबर म्हणाला. “मग मला फोन करा.”

“मेन व्हॉल्व्ह कुठे असतो?”

“अंगणात लोखंडी झाकण असेल बघा. त्याच्याखाली.”

धाकट्याने चौथऱ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. बायकोने नुसते डोळे वटारले. पण तिचे दोन्ही हात बोळ्यावर होते, हे धाकट्याचं नशीबच म्हणायचं.

इतक्यात फोन वाजला. दादा!

“बाळ्या, शहरात शिरलोय आम्ही. काय म्हणतंय घर?”

“झकास!”

“हा पाण्याचा आवाज कसला?”

“झाडांना... झाडांना पाणी घालतोय!”

“एवढं? पोहायला शिकवतोयस की काय त्यांना?”

“ठेवतो दादा, पाणी वाया जातंय!” त्या सकाळी धाकटा खरं बोलला ते एवढंच.

“अहो, खरं सांगून टाका ना!” बायको म्हणाली. “तेच सांगतील काय करायचं ते!”

“आणि टॅक्सीत त्यांना काही झालं म्हणजे? धक्का द्यायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय! आणि घर? घर गेलंच मग!”

त्याने स्क्रू काढायला घेतले. एक निघाला. दुसऱ्याची खाच झिजली. तिसरा गोंदात असा रुतला होता की स्क्रूड्रायव्हरच वाकला. कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या काकांचं डोकं वर आलं.

“काय, कारंजं बसवताय वाटतं?”

“काका, पहार आहे का?”

काकांनी पहार दिली आणि बघायला भिंतीपाशी उभेच राहिले. धाकट्याने देवाचं नाव घेतलं आणि ज्या चौथऱ्यासाठी रक्त आटवलं होतं, त्याच्यावर पहार घातली. काड्! दुसरी फळी. काड्! प्रत्येक फळी तोडताना त्याला रडू येत होतं, आणि आपण किती पक्कं काम केलंय याचा अभिमानही वाटत होता.

“पाणी खोलीत शिरलं!” बायको ओरडली. “हात सोडून गादी उचलू का?”

“हात सोडू नकोस!”

“मग गादी?”

“गादीही सोडू नकोस!”

पुन्हा फोन. “वळणावर आलोय रे. चहा टाकायला सांग. आणि हे ठोकणं कसलं?”

“शेजारी... शेजारच्या काकांचं काम चाललंय!”

भिंतीवरचे काका दुखावले. “माझं नाव कशाला घेता?”

शेवटची फळी उडाली आणि झाकण दिसलं! त्याने पहारेने ते उचकटलं, पालथा पडून आत हात घातला. आत नुसती वाळू होती. आणि एक बेडूक. व्हॉल्व्हचा पत्ताच नाही!

तेवढ्यात फाटक करकरलं.

दादा काठी टेकत उभे होते, मागे पिशव्या घेऊन वहिनी. समोर फळ्यांचा ढीग, भिंतीला चिकटलेली धाकट्याची भिजकी बायको, शेजाऱ्यांचं डोकं, आणि चिखलात पालथा पडलेला, खड्ड्यात हात घातलेला बाळ्या.

वहिनींनी घाबरून दादांच्या पाठीवर हात ठेवला.

“तिथे काय शोधतोयस?” दादांनी शांतपणे विचारलं.

“मेन व्हॉल्व्ह.”

“तो केव्हाच हलवला मी. अंगण खणायला लागू नये म्हणून.” दादांनी काठीने फाटकाच्या खांबामागची चावी दाखवली. “ही फिरव.”

धाकट्याने चावी फिरवली. सहज, दोन बोटांनी फिरली. फवारा थांबला.

“अरे, मी दोनदा फोन केला. विचारलं असतंस तर?”

“धक्का बसला असता तुम्हाला,” धाकटा पुटपुटला.

दादांनी खोलीत डोकावून पाहिलं. त्यांच्या चपला पाण्यावर तरंगत दाराशी स्वागताला आल्या होत्या. ते परत फिरले, कसेबसे उरलेल्या बाकावर बसले आणि वर कौलांकडे, पन्हळींकडे बराच वेळ बघत राहिले. आता ते काय बोलणार हे धाकट्याला ठाऊक होतं. घर गेलं!

“घर विकायचं नाही,” दादा म्हणाले.

धाकट्याला खरंच वाटेना. डोळे भरून आले. “दादा! म्हणजे माझ्यावर विश्वास आहे तुमचा?”

“विश्वास कसला डोंबलाचा! हे अंगण बघून कुठलं गिऱ्हाईक फाटकाच्या आत पाऊल टाकेल?” दादांनी मिशीतलं हसू आवरायचा प्रयत्न केला, पण ते आवरलं नाही. “तू हे सगळं नीट करेपर्यंत आता आपण सगळ्यांनी इथेच राहायचं. सावकाश कर. दोन-चार वर्षं लागली तरी चालेल.”

धाकट्याचा ऊर भरून आला. त्याने चिखलाचा हात छातीवर ठेवला. “दादा, सावकाश कशाला? आत्ताच सुरुवात करतो!”

“नको!” दादा, वहिनी, बायको आणि भिंतीवरचे काका, चौघंही एकदम ओरडले.