त्र्याहत्तरावी पातळी

खेळ पुसला गेला तेव्हा वीजबिल विभागाचे मुख्य कारकून सोफ्यावर लोळत होते, आणि आपल्या हातून काही अघटित घडलंय याचा त्यांना पत्ताही नव्हता. बायको बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी परगावी गेली होती. जाताना तिचा हातात धरून खेळायचा तो खेळ सोफ्यावरच राहिला होता. बुडत्या तळघरात पेट्या ढकलून वाट काढायची, असलं काहीतरी होतं ते. टीव्हीवर बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मुख्य कारकुनांनी तो उघडला.

पडद्यावर दोन ओळी आल्या. वर ‘नवा खेळ’, खाली ‘पुढे चालू : पातळी ७३’. बाण आपसूक वरच्या ओळीवर जाऊन बसला होता. त्यांनी बटण दाबलं. घरातला पंखा बंद करतानाही बायको ‘करू ना?’ म्हणून विचारायची; या यंत्राने तेवढंही सौजन्य दाखवलं नाही. खालची ओळ कायमची गेली.

मुख्य कारकुनांना घाम फुटला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासून आलेली बायको संध्याकाळी चपला काढायची आणि थेट हा खेळ घेऊन बसायची. या घरात तिचा जीव दुसऱ्या कशातही एवढा रमलेला त्यांनी पाहिला नव्हता, स्वतःत तर नाहीच. एकदा तिच्या पुस्तकातली खुणेची पट्टी काढून त्यांनी दात कोरले होते, तर आठवडाभर घरात अबोला होता. इथे तर अख्ख्या बहात्तर पातळ्या स्वाहा झाल्या होत्या.

त्यांनी कंपनीला फोन लावला.

“बाई, तुमच्या खेळाने न विचारता सगळं पुसून टाकलं!”

“सर, तो दोष नाही. खेळाची रचनाच तशी आहे.”

“ही कसली रचना? मला परत हवंय ते!”

“तशी सोय उपलब्ध नाही, सर. आणखी काही मदत करू शकते का?”

फोन ठेवताना त्यांना तो आवाज फार ओळखीचा वाटला. जादा बिल आलेल्या माणसाशी ते स्वतः खिडकीतून अगदी याच आवाजात बोलत. पण आत्मपरीक्षणाला वेळ नव्हता. बायको रविवारी येणार होती. त्याआधी त्र्याहत्तरावी पातळी गाठायची, खेळ होता तसा सोफ्यावर ठेवायचा आणि साळसूदपणे पेपर वाचत बसायचं. त्यांनी ऑफिसला कंबर धरल्याचं कळवलं.

खेळ ज्याने केला त्याचं माणसांशी काहीतरी जुनं वैर असावं. प्रत्येक पातळीच्या आधी एक दाढीवाला म्हातारा येऊन प्रवचन द्यायचा आणि त्याला गप्प करायला बटणच नव्हतं. चाल मागे घ्यायचं बटण नेमकं बोट टेकतं तिथे, त्यामुळे विचार करायला थांबलं की केलेली चाल रद्द. लाल पेटी आणि तपकिरी पेटी खिडकीत उभं राहून पाहिलं तरच वेगळ्या दिसायच्या. अडतिसाव्या पातळीत तर त्या दोनच रंगांच्या पेट्या होत्या. मुख्य कारकुनांनी ती दुपारच्या उन्हात, गॅलरीत उकिडवं बसून, खेळ बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत सोडवली.

सगळ्यात वाईट म्हणजे खेळ मध्ये थांबवता येत नसे. हात थांबला की पाणी चढायचं आणि बुडलं की दहा पातळ्या मागे. त्यांचा हात थांबला तो बायकोचा फोन आला म्हणून.

“जेवलात का?”

“हो, हो. ठेव.”

“ठेव काय? आत्ता तर लावलाय!”

तेवढ्यात ते बुडाले. पुढचा फोन त्यांनी उचललाच नाही. त्यापुढचाही नाही. मग बायकोने शेजारच्या काकूंना पाठवलं. काकूंनी बेल वाजवली, दार वाजवलं, शेवटी खिडकीतून हाका मारल्या.

“अहो, बरे आहात ना?”

“बुडेन मी! जा तुम्ही!” आतून आवाज आला.

काकूंनी हे शब्द जसेच्या तसे फोनवर कळवले. बायकोने मिळेल ती गाडी पकडली आणि शनिवारीच घर गाठलं. तिने दार उघडलं तेव्हा मुख्य कारकून दाढी वाढलेल्या, डोळे लाल झालेल्या अवस्थेत सोफ्यावर बसले होते आणि पडद्यावर नुकताच ७३ हा आकडा उमटला होता.

“अहो, काय झालंय तुम्हाला? काकू म्हणाल्या...” तिचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. “माझा खेळ?”

त्यांना राहवलं नाही. “पुसला गेला होता गं. माझ्याच हातून. पण सगळा परत आणलाय! बघ, त्र्याहत्तर!”

आता स्फोट होणार, म्हणून त्यांनी मान खाली घातली. थोडं कौतुकही होईल अशी एक चोरटी आशा होती.

“सगळा गेला होता?”

“सगळा.”

“आणि तुम्ही तो परत इथवर आणून ठेवलात?” ती दमल्यासारखी म्हणाली. “दोन महिने झाले, ही पातळी सुटत नाही. पेटी कोपऱ्यात अडकलेलीच येते. मी कंपनीला फोनही केला होता. चूक झालीय म्हणाले, पण आता खेळ विकून झालाय.”

“मग पहिल्यापासून खेळायचंस!”

“रोज वाटायचं. पण एवढं केलेलं सगळं आपल्या हाताने पुसवत नाही हो. तुमच्या हातून आयतं झालं होतं.”

“पण गेले दोन महिने तू रोज हातात घेऊन बसतेस ते?”

“बसते. इथे पाणी चढत नाही, ते घालायचंच राहिलंय त्यांचं. निवांत असतं. नुसती बसलेली दिसले की तुम्ही म्हणता, ‘रिकामीच आहेस ना, मग ऐक,’ आणि तुमच्या साहेबांचं सुरू करता. हे हातात असलं की करत नाही.”

हे त्यांच्या जिव्हारी लागलं. पण साहेबांचा विषय सोडून दुसरं काहीतरी बायकोशी बोलावंसं आज त्यांना खरंच वाटत होतं. तो दाढीवाला, ते मेलं बटण, गॅलरीतली ती दुपार, हे सगळं ज्याला कळेल असं माणूस त्यांच्या ओळखीत एकच होतं.

“अगं,” त्यांनी जवळ सरकत विचारलं, “ती अडतिसावी तू कशी सोडवलीस?”

बायकोने त्यांच्या हातातून खेळ काढून घेतला होता. बॅग अजून दारातच होती. ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली, पाय वर घेतले आणि पडदा चेहऱ्यासमोर धरून न हलणारी पेटी ढकलायला लागली.

“खेळतेय मी,” ती म्हणाली.